चिकित्सेचा तिसरा पाद

(जयसिंगपूर येथील एका व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी जेव्हा मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘रुग्णालयातील परिचारिका’ असे उत्तर दिले. दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. पत्रकाराने राजकारणावर बोलावे, फार तर माध्यमांच्या भवितव्यावर बोलावे, अशी अपेक्षा असते आणि ती चुकीची नाही. परंतु वयाची पन्नाशी ओलांडल्यावर माणसाच्या मनात काही जुनी देणी घर करून बसतात. त्यांतील एक देणे आज आपल्या साक्षीने फेडावे, असे मी ठरवून आलो आहे.

जयसिंगपूर हे हिशेबाने वसलेले गाव आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जन्मदात्या पित्याच्या, कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली. सरळ आखलेले रस्ते, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि उशाशी रेल्वे. अशा गावात हिशेबाची भाषा सर्वांना कळते. म्हणून मीही आज भावनेपेक्षा हिशेबच अधिक मांडणार आहे.

आणखी एक कारण आहे. या पंचक्रोशीत ‘मिरजेला नेलंय’ एवढे दोन शब्द कानी पडले, की दुखणे मोठे आहे हे ऐकणाऱ्याला उमगते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिरजेत रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि कृष्णाकाठचा हा टापू महाराष्ट्र-कर्नाटकातील रुग्णांचे आशास्थान बनला. आज जयसिंगपुरातही गल्लोगल्ली रुग्णालये आहेत. शिरोळ तालुक्यातील, कुरुंदवाडचे, नृसिंहवाडीचे, सीमेपलीकडचेही रुग्ण येथे येतात. या रुग्णांच्या उशाशी रात्री दोन वाजता कोण असते? डॉक्टर नसतात, ते घरी असतात किंवा फार तर आपल्या खोलीत. उशाशी असते ती ‘सिस्टर’. आजचा विषय तिचाच आहे.

एक न छापलेले वाक्य

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका जिल्ह्याच्या गावी वार्ताहर होतो. तेथील एका रुग्णालयात शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे इंजेक्शन एका वृद्ध गृहस्थांना दिले गेले. त्यांची प्रकृती गंभीर झाली. सुदैवाने ते वाचले. मी बातमी दिली. मथळ्यात ‘परिचारिकेचा हलगर्जीपणा’ हे शब्द होते आणि मजकुरात तिचे संपूर्ण नाव होते. दोन दिवसांत तिला कामावरून काढण्यात आले. माझ्या बातमीचा ‘परिणाम’ झाला म्हणून माझी पाठ थोपटली गेली.

ती परिचारिका त्या वेळी सलग दुसऱ्या पाळीत काम करीत होती, तिला सोडवायला येणारी सहकारी आलीच नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. बातमीत ते वाक्य मी लिहिले होते, पण शेवटी. पानावर जागा कमी पडली, शेवटचा परिच्छेद गाळला गेला आणि मी हरकत घेतली नाही.

काही वर्षांपूर्वी माझी आई आजारी पडली. सहा रात्री मी एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजीवर काढल्या. तिसऱ्या रात्री त्या कक्षात ३८ रुग्ण होते, एक प्रशिक्षित परिचारिका होती आणि मदतीला एक मावशी. ती मुलगी दुपारच्या पाळीलाही मी पाहिली होती. म्हणजे ती घरी गेलीच नव्हती. पहाटे चारच्या सुमारास ती इन्सुलिनची सुई घेऊन आईच्या खाटेशी आली. आई जागी होती. म्हणाली, “अगं बाई, हे माझं नव्हे. मला साखर नाही.” ती मुलगी जागच्या जागी थिजली. तिने हातातला कागद पुन्हा वाचला, कपाळावर हात मारला आणि पुढच्या खाटेकडे गेली. थोड्या वेळाने ती परत आली आणि आईच्या पायांशी नुसती उभी राहिली. आईने तिला विचारले, “जेवलीस का?” ती जेवली नव्हती.

माझी आई जागी नसती तर? शुद्धीवर नसती तर? आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासारख्याच कुणा उत्साही वार्ताहराने बातमी लिहिली असती, तर त्यात नाव कुणाचे असते? पंचवीस वर्षांपूर्वी गाळले गेलेले वाक्य त्या पहाटे मला पुरते समजले. आजचे व्याख्यान म्हणजे ते गाळलेले वाक्य आहे, असे समजा.

आपल्या शास्त्राने काय सांगितले?

आपल्या परंपरेचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. तो केवळ बाळगून भागत नाही, ती परंपरा काय सांगते तेही पाहावे लागते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. वैद्य श्रेष्ठ खरा. परंतु परिचारकाला तेथे नोकर म्हटलेले नाही, तो चिकित्सेचा एक पाय मानलेला आहे. त्याच्या अंगी चार गुण असावेत असेही सांगितले आहे: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता.

या चार गुणांकडे जरा व्यवहाराच्या दृष्टीने पाहा. ज्ञान शिक्षणाने येते आणि ते थकव्याने लगेच नाहीसे होत नाही. पण उरलेले तीन? दक्षता झोप मागते. शुचितेसाठी वेळ लागतो. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवायचे, तर चाळीस रुग्णांमागे किती मिनिटे जातात याचा हिशेब करून पाहा. आणि जिव्हाळा? जो माणूस सोळा तास उभा आहे, त्याच्या आवाजातला ओलावा आटला, तर त्याच्या संस्कारांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. चारांपैकी तीन गुण मनुष्यबळाच्या अभावी मारले जातात. चौपायी खाटेचा एक पाय आखूड असला, की उरलेले तीन सोन्याचे असूनही खाट डगमगते.

आधुनिक काळातही महाराष्ट्राने या क्षेत्राचे मोल ओळखले होते. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करताच गेल्या. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने, ज्या काळी घरंदाज बाईने परक्या रुग्णाला हात लावणे समाजाला रुचत नव्हते त्या काळी, विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखवली. हे सुधारणेचे फार मोठे काम होते. वाट तर झाली. त्या वाटेने चालणाऱ्या स्त्रीवर किती ओझे लादायचे, याचा विचार मात्र आपण मागे ठेवला.

खाटांचा आणि मिनिटांचा हिशेब

आता हिशेब मांडू. सकाळची पाळी सहा तासांची धरा, म्हणजे ३६० मिनिटे. कक्षात ४० रुग्ण आहेत. मागच्या पाळीकडून प्रत्येक रुग्णाची माहिती समजून घ्यायला अर्धा तास, डॉक्टरांच्या फेरीबरोबर एक तास, नोंदी, औषधांची मागणी आणि कागदपत्रे यांना दीड तास. उरले १८० मिनिटे. चाळीसांनी भागा. दर रुग्णाच्या वाट्याला साडेचार मिनिटे आली. या साडेचार मिनिटांत नाडी, ताप, रक्तदाब पाहायचा, औषध द्यायचे, सलाईन लावायचे, जखमेची पट्टी बदलायची, ज्याला हलता येत नाही त्याची कूस बदलायची, घाबरलेल्या नातलगांना दोन शब्द सांगायचे. मध्येच एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला, तर उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या वाट्याची मिनिटे त्याच्याकडे जातात, आणि ती गेलीच पाहिजेत.

दुसरा हिशेब. रुग्णालयातील एक जागा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची, तर किती माणसे लागतात? आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे साडेतीन माणसे. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांसाठी तीस टक्के राखीव धरा. आकडा साडेचारच्या पुढे जातो. म्हणजे एका जागेसाठी जवळजवळ पाच माणसे! ‘आमच्याकडे पंधरा नर्सेस आहेत’ असे रुग्णालय अभिमानाने सांगते, तेव्हा एका वेळी प्रत्यक्ष कक्षात तिघीच असतात, हे आपल्याला कळले पाहिजे. आणि पंधरांतील तीन जागा रिक्त असल्या, तर ती पोकळी उरलेल्या बाराजणींच्या झोपेतून भरली जाते.

भारतीय परिचर्या परिषदेने मापदंड ठरवून दिलेले आहेत: शिक्षण-रुग्णालयात सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, आणि वर रजेसाठी राखीव बळ. या कागदाशेजारी आपण नातलगांना भेटायला गेलो असता पाहिलेला कक्ष ठेवा. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. आज हजारामागे सुमारे दोन नोंदणीकृत परिचारिका आहेत असे सरकार सांगते. तीन असाव्यात, असा मापदंड जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने सांगितला जातो. प्रगती नि:संशय मोठी आहे. पण नोंदवहीतील परिचारिका आणि रात्री दोन वाजता कक्षात उभी असलेली परिचारिका, यांत अंतर आहे. काही परदेशी गेल्या, काहींनी लग्नानंतर काम सोडले, काहींना कंत्राटावर परवडेना.

जे राहून जाते

लोकांना वाटते, परिचारिका कमी असल्या की रुग्णांना थोडी गैरसोय होते. बेल वाजवली तर उशीर लागतो, एवढेच. तसे नाही. माणसे कमी असली की डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे बहुधा दिली जातात, कारण त्यांची नोंद होते. राहून जाते ते ज्याची लगेच नोंद होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे राहून जाते. पाठीला दाबव्रण होतो, तो चिघळतो आणि मांडीचे हाड मोडले म्हणून आलेले आजोबा जंतुसंसर्गाने जातात. हात धुणे राहून जाते. एका खाटेचा जंतू दुसऱ्या खाटेवर पोहोचतो. शस्त्रक्रियेनंतर दर तासाने नाडी आणि रक्तदाब पाहणे राहून जाते. आतल्या आत होणारा रक्तस्राव दोन तास उशिरा कळतो. मृत्यूच्या दाखल्यावर यांपैकी कोणतेही कारण ‘परिचारिका कमी होत्या’ असे लिहिले जात नाही.

आपल्याकडे ही पोकळी नातलग भरून काढतात. सलाईन संपत आली की व्हरांड्यात पळत जाऊन “सिस्टर, बाटली संपली!” असे ओरडणारा पुतण्या, आईला भरवणारी सून, स्ट्रेचर ढकलणारा जावई. ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची शक्ती आहे, यात शंका नाही. पण ज्याच्याजवळ पुतण्या नाही, सून नाही, त्या रुग्णाचे काय? आणि सलाईनचा वेग किती असावा, श्वास कधी बिघडला समजावे, हे पुतण्याला कसे कळणार? प्रेमाने ज्ञानाची जागा भरून निघत नाही.

यावर जगभर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांतील सव्वादोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेवर एक रुग्ण अधिक टाकला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. चाराऐवजी आठ रुग्ण दिले तर ती ३१ टक्क्यांनी वाढते. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांवर रुग्णांची माहिती तपासली, तेव्हाही एका जादा रुग्णामागे तेच ७ टक्के पुढे आले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याची मर्यादा अमलात आणली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये तसेच केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यू घटले, पुन्हा दाखल होणारे रुग्ण कमी झाले आणि वाचलेला खर्च परिचारिका वाढवण्याच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे केवळ दयेच्या नव्हे, पेढीच्या हिशेबानेही हा व्यवहार फायद्याचा आहे.

‘डबल ड्युटी’ नावाचा धोका

आता जादा पाळीविषयी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रात्रपाळी बारा तासांची असते. त्यात सोडवणारी आली नाही, तर ‘डबल ड्युटी’. अमेरिकेतील ३९३ परिचारिकांच्या रोजच्या नोंदींवरून २००४ मध्ये असे दिसून आले, की साडेबारा तासांच्या पुढे काम गेले, की चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढते. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाच्या हालचालींतील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या मोटार वाहन कायद्यात ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापुढे वाहन चालवणे हा गुन्हा. म्हणजे ज्या अवस्थेत आपण चालकाला स्कूटरही चालवू देणार नाही, त्या अवस्थेत आपण परिचारिकेच्या हाती नवजात बाळाच्या शिरेतील सुई देतो!

डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानांची उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर लोक दिवसेंदिवस अडकून पडले, हे आपण पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि एका मोठ्या कंपनीपाशी त्या नियमांपुरते वैमानिक नव्हते. प्रवाशांचे हाल झाले हे खरे. परंतु थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये, हे तत्त्व देशाला एव्हाना मान्य झाले आहे. थकलेल्या परिचारिकेने अतिदक्षता विभाग चालवू नये, हे तत्त्व मान्य व्हायला आपण कशाची वाट पाहत आहोत?

अपघात घडतो तेव्हा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बालके दगावली, सात वाचवता आली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवण्यात आला. त्या प्रकरणातील दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मी ते करू इच्छित नाही. पण अशा वेळी चौकशीचा पहिला प्रश्न ‘त्या रात्री ड्युटीवर कोण होते’ हा असतो. ‘किती जण असायला हवे होते’ हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि उत्तराची वाट पाहायला कोणी थांबत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याजवळ कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. सप्टेंबरच्या अखेरच्या दिवशी आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वत:हून दखल घेतली. तेव्हा औषधांचा तुटवडा, क्षमतेहून कितीतरी अधिक रुग्ण आणि रिक्त पदे, हे सर्व चव्हाट्यावर आले. त्या बालकांची स्थिती आधीच नाजूक असेल. परंतु नाजूक बालकासाठीच तर अधिक हात लागतात.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे त्या अचेतनप्राय अवस्थेत एका खाटेवर होत्या. त्यांना भरवले, न्हाऊ घातले, त्यांची कूस बदलली ती त्यांच्या सहकारी परिचारिकांनी. ज्यांनी त्यांना कधी काम करताना पाहिलेही नव्हते, अशा नव्या पिढीतील मुलींनीही हे व्रत पुढे चालवले. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला दाबव्रण होऊ दिला नाही, याचा आदरपूर्वक उल्लेख झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निर्णयात या परिचारिकांचा मुक्तकंठाने गौरव केला. मराठी भूमीतील परिचारिका काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे. एका रुग्णासाठी त्यांनी जे केले, ते प्रत्येक रुग्णासाठी करण्याची त्यांची इच्छा असते. हात पुरे पडत नाहीत.

‘सेवा’ या शब्दाचा आदर

आता मी थोडे अप्रिय बोलणार आहे आणि ते आपल्याच माणसांत बोलायचे असल्यामुळे नि:संकोचपणे बोलतो. ‘सेवा’ हा आपल्या अंत:करणाजवळचा शब्द आहे. या सभागृहातील कितीतरी जण रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवतात, रक्तदान शिबिरे घेतात, २००५ आणि २०१९ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील गावांत होड्यांतून अन्न आणि औषधे पोहोचवणारे हात इथे बसले आहेत. पण जी सेवा आपण स्वेच्छेने, पोट भरलेले असताना, आठवड्यातून चार तास करतो, तिचा आदर्श आपण अशा मुलीपुढे ठेवतो जिचे पोटच त्या कामावर आहे. ‘हे सेवेचे क्षेत्र आहे, पगाराचे काय घेऊन बसलात?’ हे वाक्य मी प्रतिष्ठित विश्वस्तांच्या तोंडून ऐकले आहे. सेवेचा उपदेश त्याग करणाऱ्याने स्वत:ला करावा. दुसऱ्याच्या त्यागावर आपला ताळेबंद जुळवणे ही सेवा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील वेतनाविषयी शिफारशी केल्या: २०० खाटांवरील रुग्णालयांत शासकीय वेतनाइतके, १०० ते २०० खाटांत फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० खाटांत पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना २० हजारांहून कमी नाही. केरळने मोठ्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान २० हजारांची अधिसूचना काढली. आपल्या गावातील लहान रुग्णालयांत या मुलींना काय मिळते, हे इथल्या डॉक्टरांना मी विचारणार नाही. त्यांनी स्वत:ला विचारावे.

डॉक्टर मंडळींची अडचण मला मान्य आहे. कर्जाचे हप्ते असतात, विमा कंपन्यांची आणि शासकीय योजनांची बिले रखडतात, प्रशिक्षित मुली लहान गावात टिकत नाहीत. त्या टिकत नाहीत, कारण ज्या मुलीला इथे बारा तास उभे राहून घरभाडेही परवडत नाही, तिला जर्मनी बोलावते आहे. आपल्या राज्याने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुली परदेशी जाऊन मान आणि धन मिळवत असतील, तर आनंदच आहे. पण त्या जाताना मागे रिकाम्या झालेल्या खाटेशेजारच्या जागेकडे कोण पाहणार?

शासन काहीच करीत नाही असेही नाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये घोषित झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. मात्र शिकून बाहेर पडलेल्या मुलीला कायम पदाऐवजी बाह्यस्रोतामार्फत कंत्राट मिळणार असेल, तर महाविद्यालये वाढवून कक्ष भरणार नाहीत. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्यांच्या प्रमुख मागण्यांत बाह्यस्रोताने भरती करू नये, ही मागणी होती. संपामुळे रुग्णांचे हाल होतात, हे मला मान्य आहे. पण संप नसलेल्या दिवशी होणारे हाल दिसत नाहीत, म्हणून ते नसतात असे नव्हे.

आपण काय करावे?

व्याख्यान ऐकून उठताना ‘मग आम्ही काय करायचे?’ हा प्रश्न मनात येतो. चार गोष्टी सुचवतो.

पहिली. आपल्या परिसरातील प्रत्येक शासकीय रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात वर्षातून एकदा विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे. मिळालेला आकडा गावाच्या फलकावर लिहा आणि लोकप्रतिनिधींसमोर ठेवा. पक्ष कोणताही असो, आपल्या विचारांचा असला तरीही.

दुसरी. आप्ताला खासगी रुग्णालयात दाखल करताना खोलीत वातानुकूलन आहे का, हे आपण विचारतो. त्याबरोबर ‘रात्री या मजल्यावर प्रशिक्षित परिचारिका किती आणि रुग्ण किती?’ हेही विचारा. ग्राहक जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर दुकानदार तयार ठेवतो.

तिसरी. भेटीच्या वेळा पाळा. एका रुग्णामागे बारा नातलग आणि प्रत्येकाचे सिस्टरला तेच तीन प्रश्न. तिच्या साडेचार मिनिटांतली दोन आपणच खातो. एका घरातून एकानेच बोलावे. आणि रागाच्या भरात तिच्यावर हात उगारणारा आपल्या गल्लीतला असला, तर त्याला पाठीशी घालू नका.

चौथी गोष्ट विश्वस्त आणि डॉक्टरांसाठी. सलग दोन पाळ्या कोणालाही देणार नाही, असा नियम आपल्या संस्थेत लेखी करा. एखादीला नाइलाजाने थांबवावेच लागले, तर तिच्याकडे इन्सुलिन, रक्त आणि शिरेतून द्यायची जोखमीची औषधे सोपवू नका, निदान दुसऱ्याने तपासल्याखेरीज देऊ नका. चूक झालीच तर ती सांगणाऱ्या मुलीला शिक्षा करू नका. शिक्षेच्या भीतीने लपवलेली चूक पुढच्या रुग्णावर पुन्हा घडते.

शेवटी पुन्हा त्या जुन्या बातमीकडे येतो. आईच्या आजारपणानंतर मी त्या परिचारिकेचा शोध घेतला. ती सापडली. तिने पुन्हा कधी रुग्णालयात काम केले नाही. मी माझी चूक कबूल केली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने एवढेच विचारले, “ते आजोबा नंतर बरे झाले ना?” मी हो म्हणालो. पंचवीस वर्षे ती हा प्रश्न उराशी बाळगून होती. ज्या बाईला मी हलगर्जी म्हणून छापले होते, तिची ही काळजी होती.

माझ्या हातून सुटलेले वाक्य आज मी आपल्यापुढे पूर्ण केले. यापुढे आपल्या गावात कोणत्याही रुग्णालयात काही विपरीत घडले, तर ‘कोण होती’ असे विचारण्याआधी ‘किती जणी होत्या आणि किती तासांपासून होत्या’ असे विचारा, एवढीच विनंती करतो.